गोल विणकाम : पहिली टोपी, पहिल्या फेरीपासून शेंड्यापर्यंत

दोन सुयांवर सुलट-उलट येत असेल, टाके घालता आणि बंद करता येत असतील, तर गोल विणकामासाठी एकही नवा टाका शिकावा लागत नाही. फरक एवढाच की काम वळवायचं नसतं. सरळ विणकामात ओळ संपली की सुया हात बदलतात, कापड उलटतं आणि मागच्या बाजूने परत यावं लागतं. गोल विणकामात ओळ अशी संपतच नाही. पहिला टाका फिरून पुन्हा समोर येतो आणि आपण त्याच्या डोक्यावर चढून पुढे जातो, गोल जिना चढावा तसं. हा गोल जिना डोक्यात पक्का बसवा, कारण पुढे येणाऱ्या अर्ध्या अडचणींचा उलगडा त्यातूनच होतो.

ही पद्धत नवीही नाही. जर्मनीत हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले संग्रहालयात सुमारे १४०० सालचं एक चित्र आहे. बुक्स्टेहुड गावच्या चर्चमधल्या वेदीचा तो भाग. त्यात मेरी बाळ येशूचा सदरा विणते आहे, आणि तोही गळ्याभोवती गोल लावलेल्या सुयांवर. आपल्याकडे हिमाचलात लाहौलच्या बायका रंगीत नक्षीचे मोजे आणि हातमोजे असेच गोल विणतात. या मोज्या-हातमोज्यांना भौगोलिक निर्देशांकही (जीआय टॅग) मिळाला आहे. महाराष्ट्रात बाळंतविड्यातले मोजे आणि स्वेटरची गळपट्टी चार सुयांवर करणाऱ्या आज्या होत्या आणि आहेत. वायरची गोल सुई, म्हणजे लवचीक वायरने जोडलेली दोन छोटी टोकं, त्या मानाने अलीकडची.

टोपीच का

बहुतेक जण उत्साहाने मोज्यांपासून सुरुवात करतात आणि टाचेशी येऊन थांबतात. मोज्यात टाके कमी, सुया बारीक, शिवाय चार-पाच सुया पहिल्याच ओळीपासून सांभाळायच्या. सुईवर एकच ओळ असताना चार सुया म्हणजे काड्यांचा गुंता असतो. कापडाचं वजन नसल्याने त्या कुठेही फिरतात. टोपीत हाच प्रसंग शेवटी येतो. खाली १४ सेंटिमीटर कापड लोंबत असतं, ते सुयांना धरून ठेवतं, आणि ज्या कामाची भीती वाटत होती ते सहज होतं. म्हणून टोपी. टोपी म्हणजे इथे साधी, डोक्याला बसणारी, खाली दोन सुलट-दोन उलट पट्टी असलेली.

सामान

मध्यम जाडीची लोकर, १०० ग्रॅम. मोठ्या माणसाच्या टोपीला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागते, उरलेली माप घेण्याच्या नमुन्याला. पहिल्या टोपीसाठी फिकट, एकरंगी आणि गुळगुळीत लोकर घ्या. काळ्या किंवा लवदार लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि शिकताना टाके दिसणं हीच सगळ्यात मोठी मदत असते.

सुया अशा : ४ मिलिमीटरची ४० सेंटिमीटर लांब गोल सुई एक, ३.२५ मिलिमीटरची ४० सेंटिमीटर लांब गोल सुई एक, आणि दोन्ही बाजूंना टोक असलेल्या ४ मिलिमीटरच्या पाच सुयांचा संच, म्हणजे मोज्यांच्या सुया. लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वायर धरून मोजतात.

नंबरांच्या बाबतीत मात्र सावध राहा. आपल्याकडची जुनी दुकानं आणि घरातल्या जुन्या सुया इंग्लंडच्या नंबरांनी चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते : ६ नंबर म्हणजे ५ मिमी, ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५ मिमी, १२ म्हणजे २.७५ मिमी. अमेरिकी नंबर याच्या उलटे. त्यात नंबर वाढला की सुई जाड. अमेरिकी ८ नंबर म्हणजे ५ मिमी, आणि आपली ८ नंबरची, म्हणजे ४ मिमीची सुई तिथे ६ नंबर ठरते. इंटरनेटवरची अमेरिकी कृती वाचून दुकानात "आठ नंबर" मागितला की टोपी घट्ट होते आणि दोष आपल्या हाताला लागतो. नेहमी मिलिमीटरमध्ये विचारा.

गोल सुईची लांबी विणकामाच्या घेरापेक्षा कमी हवी, हा नियम मोडता येत नाही. टाके आकसून सुईवर बसू शकतात, पण ताणून वायर पुरी करू शकत नाहीत. आपल्या टोपीचा घेर ५१ सेंटिमीटर असेल, म्हणून ४० ची सुई. ६० ची घेतली तर पहिला टाका शेवटच्या टाक्यापर्यंत पोचणारच नाही.

नवी वायर पाकिटातल्या वेटोळ्याच्या आकारात ताठ राहते आणि विणताना हाताशी भांडते. गरम पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून सरळ ताणून धरा, सुधारते. सुई घेताना वायर आणि सुईचा सांधा नखाने तपासा. तिथे खाच लागली तर प्रत्येक फेरीत प्रत्येक टाका त्या खाचेत अडकेल. टोपीभर मिळून हजारो टाके होतात, तेव्हा या एका गोष्टीसाठी थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. मोज्यांच्या सुया मात्र पहिल्यांदा बांबूच्याच घ्या. धातूच्या सुया रिकाम्या टोकाने सुळकन गळून पडतात.

खुणेसाठी वेगळ्या रंगाच्या लोकरीच्या तुकड्याला गाठ मारून केलेली कडी पुरते. शिवाय लोकर ओवायची मोठ्या नेढ्याची सुई, एक क्रोशाची सुई आणि मोजपट्टी.

नमुना विणायचा तोही गोल

सरळ विणकामात एक ओळ सुलट, एक उलट अशी जाते. बऱ्याच जणांच्या हाताची उलट ओळ सुलटपेक्षा थोडी सैल पडते. गोल विणकामात साध्या विणीला उलट ओळ नसतेच, त्यामुळे तोच हात, तीच लोकर, तीच सुई असूनही माप बदलतं. सरळ विणलेल्या नमुन्यावर हिशेब केला की टोपी थोडी घट्ट होण्याची शक्यता राहते.

नमुन्यासाठी गोल सुईवर ३२ टाके घाला. एक ओळ सुलट विणा. आता काम वळवू नका. सगळे टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, लोकर मागून सैल आणा आणि पुन्हा सुलटच विणा. मागे लांब सैल धागे लोंबतील, ते तसेच राहू द्या. १२ सेंटिमीटर विणून झालं की नमुना धुऊन वाळवा आणि मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजा. कडेचे टाके सैल असतात, ते मोजात धरू नका.

इथला हिशेब १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० फेऱ्या असा धरला आहे. तुमचा आकडा वेगळा आला तर सुई बदलण्यापेक्षा टाके बदलणं सोपं. डोक्याचा घेर घ्या, त्यातून दहावा हिस्सा वजा करा (टोपी थोडी ताणूनच बसायला हवी), सेंटिमीटरमागे जेवढे टाके आले त्याने गुणा, आणि उत्तर ८ च्या जवळच्या पटीत आणा. डोकं ५६ सेंटिमीटर : ५०.४ गुणिले २.२ म्हणजे ११०.९, म्हणून ११२ टाके. डोकं ५२ असेल तर १०४. तान्ह्या बाळाचं डोकं ३५ सेंटिमीटरच्या आसपास धरलं तर ७२. आठची पट दोन कारणांसाठी : पट्टीला ४ ने भाग जायला हवा आणि शेंड्याला ८ ने.

टाके घालणे आणि जोडणे

सगळी कसोटी याच जागी लागते, म्हणून सावकाश करा आणि शेजारी कुणी बोलत नसताना करा.

दोन धाग्यांनी टाके घालत असाल तर मोकळं टोक किती सोडायचं ते आधी ठरवा. सुईभोवती लोकरीचे दहा वेढे द्या, उलगडून मोजा, ११२ टाक्यांच्या हिशेबाने वाढवा आणि वर वीत-सव्वा वीत सोडा. या लोकरीला साधारण दोन मीटर होतं. टाके ४ मिमीच्या सुईवर घाला आणि पहिली फेरी ३.२५ मिमीच्या सुईने विणत त्यावर उतरवा. त्यामुळे कड सैल राहते. कपाळावर लाल वळ उठवणारी टोपी बहुतेक वेळा घट्ट घातलेल्या टाक्यांचीच असते.

११३ टाके घाला, एक जास्तीचा. आता सुई टेबलावर ठेवा. हातात धरून हे तपासू नका, कारण हातात टाके पुन्हा फिरतात. दोन्ही टोकं आपल्याकडे, बाकी सुई समोर गोल. लोकर उजव्या टोकाला असली पाहिजे, म्हणजे शेवटचा घातलेला टाका उजवीकडे. टाक्यांच्या खालच्या गाठींची एक वेणीसारखी रेघ दिसते. ती रेघ संपूर्ण घेरात आतल्या बाजूला, वर्तुळाच्या मध्याकडे तोंड करून हवी. बोटाने तिच्यावरून एक फेरी मारा. कुठेतरी ती सुईला वेढा घालून बाहेर गेलेली असते, बहुधा वायर आणि सुईच्या सांध्यापाशी. तिथले टाके फिरवून रेघ आत आणा.

मग उचला. उजव्या टोकावरचा शेवटचा टाका डाव्या टोकावर सरकवा आणि तो व पहिला टाका असे दोन एकत्र सुलट विणा. राहिले ११२. हाच जोड. विणताना गुंड्याकडे जाणारा धागा घ्या, मोकळं टोक नव्हे. दोन्ही धागे तिथेच लोंबत असतात आणि घाईत चुकीचा हातात येतो. दहा-बारा टाक्यांनी धागा संपतो तेव्हा कळतं. मोकळ्या टोकाला लगेच एक चिमटा लावून ठेवा.

या जोडलेल्या टाक्यापासूनच फेरी सुरू होते : तो पट्टीचा पहिला सुलट. पुढे एक सुलट, दोन उलट, मग दोन सुलट, दोन उलट असं चालू ठेवा. फेरी संपेल तेव्हा शेवटचे दोन उलट यायला हवेत. आले नाहीत तर टाके मोजा; पुढे जाऊ नका. फेरीच्या शेवटी खुणेची कडी सुईवर चढवा आणि पुढे दर फेरीला ती फक्त डावीकडून उजवीकडे सरकवा.

जोडताना पीळ पडेल अशी सतत भीती वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे. ११२ टाके घालून पट्टीची पहिली ओळ सरळ विणा. मग वळवा आणि दुसरी ओळही सरळ विणा, पण मागची बाजू असल्याने दिसतात तसे टाके घ्या. आता सुईवर बोटभर रुंदीचं कापड असतं. त्याला पीळ पडला तर डोळ्यांना लगेच दिसतो. वळवून तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला जोडा. खाली जी लहानशी फट राहते ती मोकळ्या टोकाने शेवटी शिवून टाका, दिसतही नाही.

पीळ पडलाच तर

पहिली फेरी चालू असताना किंवा नुकती संपताना लक्षात आलं तर वाचता येतं. जोडाच्या जागी, दोन टोकांच्या मध्ये, सगळं विणकाम सुईवरून एकदा फिरवून पीळ काढा. तो पीळ तिथल्या एका धाग्यावर जातो आणि कडेला बारीक वळशासारखा राहतो, कुणाला दिसत नाही. पण दोन-तीन फेऱ्या झाल्या की उपाय उरत नाही. तोवर कापडाची पट्टी एक पूर्ण वळसा घेऊन स्वतःलाच जोडली गेलेली असते. कितीही ओढली, फिरवली तरी ती सरळ होणार नाही. उसवा आणि पुन्हा घाला. म्हणून पहिल्या तीन फेऱ्यांत दर फेरीला कड तपासायची सवय लावा. दोनशे टाके उसवणं परवडतं, चार हजार नाही.

पट्टी आणि अंग

३.२५ मिमीवर दोन सुलट-दोन उलट ५ सेंटिमीटर विणा. मग ४ मिमीच्या सुईने पुढची फेरी विणत टाके तिच्यावर घ्या आणि सगळं सुलट, सुलट आणि सुलट. वळायचं नाही, उलट टाका नाही. कडेपासून १४ सेंटिमीटर होईपर्यंत हेच. इथे हात आपोआप चालायला लागतो आणि गप्पा मारत विणता येतं.

या टप्प्यावर तीन चुका हमखास होतात.

पहिली, काम आतून बाहेर विणलं जाणं. सुयांची टोकं आपल्याकडे, पोटाजवळ असायला हवीत, आणि विणलेलं कापड त्यांच्या खाली लोंबायला हवं. कधी कधी टोकं पलीकडच्या बाजूला जातात आणि आपण वर्तुळाच्या आतून विणत राहतो. मग सुलट बाजू आत दडते. घाबरायचं कारण नाही, टाके बरोबरच असतात. नळी मधून ढकलून मोजा उलटवावा तशी उलटवा, झालं.

दुसरी चूक यापेक्षा वाईट. फेरीच्या मध्येच काम खाली ठेवलं, चहा घेऊन आलात आणि उलट्या दिशेने विणायला लागलात. सवयीने काम वळतं आणि कापडात एक भोक व दोन फेऱ्यांचा चढउतार तयार होतो. खूण सोपी : लोकर नेहमी उजव्या हाताच्या सुईतून निघालेली असते. डावीकडून निघत असेल तर काम चुकीच्या हातात आहे. शक्यतो उठायचं ते फेरी संपल्यावरच, कडीपाशी.

तिसरी, टाके वाढणं. पट्टीत उलट टाक्यानंतर लोकर सुयांच्या मधून मागे न नेता सुईवरूनच मागे गेली की एक फुकटचा टाका आणि त्याखाली भोक तयार होतं. पट्टी "सरकलेली" दिसली की आधी हे शोधा.

टाका गळला तर गोल विणकामात दुरुस्ती सरळ विणकामापेक्षा सोपी आहे, कारण समोर नेहमी सुलट बाजूच असते. गळलेल्या टाक्यात समोरून क्रोशाची सुई घाला, त्याच्या वरची आडवी काडी पकडून टाक्यातून ओढा, मग तिच्या वरची. शिडी चढत वरपर्यंत या आणि टाका डाव्या सुईवर ठेवा, त्याचा उजवा पाय पुढे येईल असा.

रंगीत पट्टे

गोल जिन्याची आठवण इथे ठेवा. फेरी संपते तेव्हा आपण सुरुवातीच्या टाक्याच्या शेजारी नसतो, एक पायरी वर असतो. एकरंगी कामात ते दिसत नाही. रंग बदलला की पट्ट्याच्या जोडाशी पायरी दिसते. उपाय असा : नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणा. दुसऱ्या फेरीत पहिला टाका न विणता, उलट टाक्यासारखी सुई घालून, नुसता सरकवा आणि पुढे विणा. तो टाका दोन फेऱ्यांइतका ताणून उभा राहतो आणि पायरी झाकतो. पट्टा किमान दोन फेऱ्यांचा हवा, नाहीतर हे जमत नाही.

शेंडा

घट, म्हणजे टाके कमी करणं, सुरू करण्यापूर्वी एक काम करा : मोठ्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून घाला आणि तसाच ठेवा, खुणेची कडी सोडून. पुढे काही बिघडलं तर या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवता येतं.

११२ टाक्यांचे ८ भाग, प्रत्येकी १४ टाके. घटीची फेरी : १२ सुलट, दोन एकत्र सुलट, असं आठ वेळा. राहिले १०४. पुढची फेरी साधी. मग ११ सुलट, दोन एकत्र, आठ वेळा, ९६. पुन्हा साधी. असं एक फेरी घट, एक साधी करत ५६ टाके राहतील तिथपर्यंत या. शेवटच्या घटीनंतरची साधी फेरीही विणा. नंतर साधी फेरी नाही, प्रत्येक फेरीत घट : ५ सुलट दोन एकत्र, मग ४ सुलट दोन एकत्र, शेवटी नुसते दोन-दोन एकत्र. ४८, ४०, ३२, २४, १६ आणि ८. एकूण २० फेऱ्या होतात, साधारण पावणेसात सेंटिमीटर. वरपासून खालपर्यंत टोपी २१ सेंटिमीटरच्या आसपास भरते. १०४ टाक्यांवर सुरू केलं असेल तर पहिली घट ११ सुलट, दोन एकत्र इथून. बाळाच्या ७२ टाक्यांना अंग ९ सेंटिमीटर पुरे, घट ७ सुलट दोन एकत्र इथून, आणि साध्या फेऱ्या २४ टाके उरेपर्यंत मध्ये ठेवा, नाहीतर शेंडा चपटा होतो.

प्रत्येक फेरीत एक तपासणी ठेवा : "दोन एकत्र" आधीच्या "दोन एकत्र"च्या डोक्यावरच यायला हवा. आठ रेषा वर जाताना दिसतात. एखादी रेषा वाकली तर त्या भागात टाका चुकला आहे.

८० टाक्यांच्या सुमारास गोल सुईवर ओढाताण जाणवू लागेल. इथे मोज्यांच्या सुयांवर या. गोल सुई डाव्या हातात, एक मोज्याची सुई उजव्या हातात. २० टाके तिच्यावर विणा, म्हणजे दोन भाग. मग दुसऱ्या सुईवर २०, तिसरीवर, चौथीवर. पाचवी सुई विणायला. भाग सुईच्या टोकाशी संपत असल्याने घट नेहमी ठरलेल्या जागी येते आणि मोजावं लागत नाही. विणत असलेल्या दोन सुया वर घ्या, बाकीच्या तीन खाली लोंबू द्या. त्यांच्याकडे पाहायचंच नाही. सुया निसटत असतील तर टोकांना छोटे रबरबँड गुंडाळा.

सुयांच्या सांध्यावरची जाळी

मोज्यांच्या सुयांवर सगळ्यांनाच दिसणारी गोष्ट : एका सुईचा शेवटचा आणि दुसरीचा पहिला टाका यांच्यामध्ये सैल टाक्यांची शिडी उभी राहते. कारण असं की तिथे धागा सरळ जात नाही, कोपरा ओलांडून जातो, आणि त्या कोपऱ्यात जास्तीची लांबी साठते. बहुतेक जण नव्या सुईचा पहिला टाका जीव खाऊन ओढतात. त्याने फार फरक पडत नाही, कारण पुढच्या टाक्यासाठी सुई हलवताच तो पुन्हा ढिला होतो. पहिला टाका नेहमीसारखा विणा, दुसऱ्यात सुई घाला, आणि मग ओढा. तेव्हा पहिला जागच्या जागी आवळतो. दोन्ही सुया ओढताना एकमेकींना चिकटून ठेवा, मध्ये त्रिकोणी फट नको. एवढं करूनही शिडी राहिली तर दर फेरीत पुढच्या सुईवरचे दोन टाके आधीच्या सुईवर विणून घ्या, म्हणजे सांधा एका जागी थांबत नाही. घटीच्या फेऱ्यांत मात्र हे केल्यास भागांचा हिशेब कड्या लावून ठेवावा लागतो. हलकी शिडी पहिल्या धुण्यात बरीचशी मिटते.

मॅजिक लूप

मोज्यांच्या सुया नकोच वाटत असतील तर ८० ते १०० सेंटिमीटरची, लवचीक वायरची एकच गोल सुई पुरते. बाळाच्या टोपीला तर हीच सोय, कारण ३३ सेंटिमीटरच्या घेराला ४० ची सुई चालत नाही.

टाके वायरवर सरकवा, बरोबर मध्ये मोजून दोन टाक्यांमधून वायरचा फास बाहेर ओढा. आता अर्धे टाके पुढे, अर्धे मागे, आणि दोन्ही टोकं उजवीकडे. लोकर मागच्या सुईवरून निघालेली हवी. मागची सुई उजवीकडे ओढा, तिचे टाके वायरवर जाऊ द्या, डावीकडे फास शिल्लक ठेवा, आणि त्या मोकळ्या सुईने पुढचे टाके विणा. पुढचे संपले की काम फिरवा, वायरवरचे टाके टोकावर आणा आणि पुन्हा तेच. फास निसटून आत गेला तर घाबरू नका, मध्य शोधून परत काढा. वायर ताठ असेल तर या पद्धतीत फासापाशी शिडी पडते, म्हणून इथे स्वस्त सुई नको.

जुन्या कृती गोल करताना

घरातल्या वहीतले नमुने सरळ विणकामासाठी लिहिलेले असतात. ते गोल करताना कडेचे जास्तीचे टाके आधी काढून टाका. ते शिवणीसाठी असतात, आणि इथे शिवण नाही. मग मागच्या बाजूच्या, म्हणजे समसंख्येच्या ओळी उलट्या करा : लिहिलेला उलट टाका सुलट होतो, सुलट टाका उलट, आणि ओळ शेवटाकडून वाचायची. चौकटींवर काढलेला नमुना असेल तर काम सोपं, प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडेच वाचा. सगळ्या ओळी सुलट विणून होणारी वीण गोल करताना एक फेरी सुलट, एक उलट अशी होते. साबुदाणा वीण, म्हणजे एक सुलट-एक उलट आणि पुढच्या ओळीत त्यावर विरुद्ध, तिच्यासाठी विषम टाके घ्या. मग प्रत्येक फेरीची सुरुवात आपोआप बदलते आणि न मोजता "एक सुलट, एक उलट" म्हणत राहिलं तरी नक्षी बरोबर येते.

स्वेटरची गळपट्टी हा या कौशल्याचा घरात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा भाग. दोन्ही खांदे आधी शिवा, मग ४० च्या गोल सुईवर गळ्याभोवती टाके उचला : उभ्या कडेला चार ओळींमागे तीन, राखून ठेवलेले टाके जसेच्या तसे. एकूण ४ च्या पटीत आणा, पट्टी विणा आणि बंद करताना एक नंबर जाड सुई वापरा. नाहीतर गळा छान दिसतो पण डोक्यातून जात नाही. शेवटचा टाका बंद झाल्यावर कडेला एक पायरी राहते. धागा तोडून मोठ्या सुईत ओवा, सगळ्यात पहिल्या बंद टाक्याच्या दोन्ही पायांखालून काढा आणि जिथून निघाला त्याच शेवटच्या टाक्याच्या मध्ये परत घाला. साखळीची एक खोटी कडी तयार होते आणि जोड सापडत नाही.

टोपी पुरी करणे

८ टाके उरले की लोकर वीतभर सोडून तोडा, ओवा, आठही टाक्यांतून दोनदा फिरवा, हळू ओढून भोक मिटवा आणि टोक आत घ्या. आतल्या बाजूला ते एकाच दिशेने न घेता थोडं पुढे, मग वळून थोडं मागे असं चार-पाच सेंटिमीटर ओवा. ॲक्रिलिकमध्ये हे दोनदा करा, कारण तो धागा निसरडा असतो. बाळाच्या टोपी-मोज्यांत मोकळी टोकं आणि रंगीत नक्षीचे आतले लांब धागे राहू देऊ नका. इवल्या बोटांभोवती ते गुंडाळले जातात.

शेवटी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि डोक्याच्या घेराहून किंचित लहान पातेल्यावर पालथी घालून सावलीत वाळवा. लोकरीचे टाके या वाळण्यात एकसारखे बसतात. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका. एकदा चपटं झालं की ते पुन्हा फुगत नाही आणि पट्टीतला ताणही निघून जातो.